हात धरून गिरवणारे यंत्र

दिवाळी आणि उसाचा गळीत हंगाम आमच्या कोपरगावात थोड्याफार फरकाने एकदमच येतात. इकडे घरोघरी फराळाचे डबे भरत असतात, तिकडे कारखान्यांत बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते, आणि ट्रॉल्यांत संसार घालून बीड, आष्टी, पाटोदा, पाथर्डीकडची माणसे उतरू लागतात. मोकळ्या रानात एका रात्रीत कोप्या उभ्या राहतात. या माणसांची मोजदाद करायचे एकक आहे 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता. यंदा कुठल्या मुकादमाने किती कोयते आणले, याचा हिशेब कारखान्यात असतो, उचल किती दिली याचाही असतो. हंगामात किती हात जायबंदी झाले, याची वही मात्र मला अजून कुणाकडे दिसलेली नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मराठीत याला 'व्यवसायोपचारतज्ज्ञ' म्हणतात, पण हा शब्द मी स्वतः बोलताना कधी वापरलेला नाही. माझ्याकडे येणारे लोक मला 'हाताच्या बाई' म्हणतात आणि तेवढे नाव मला पुरते. मनगट आणि पंजा यांच्या दुखापतींनंतर हात पुन्हा कामाला लावणे हे माझे काम. गेल्या काही वर्षांत या कामात रोबो आले आहेत. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांच्या जाहिरातींत त्यांची छायाचित्रे दिसतात आणि कोपरगावातले शिकलेले नातेवाईक मला विचारतात, 'मॅडम, ते रोबोचं मशीन असतं ना, त्याने लवकर बरं होतं का हो?' त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे, म्हणून हा लेख.

उत्तराआधी हात बघावा लागेल.

ऊस तोडणाऱ्याच्या डाव्या हातात ऊस असतो, उजव्यात कोयता, आणि वार बुडख्याशी. वार घसरला की तो डाव्या हाताच्या बोटांवर, मनगटावर, नाहीतर पायाच्या नडगीवर येतो. कडबाकुट्टीत बोटे जातात. रसवंतीच्या चरकात पंजा ओढला जातो. नगर-मनमाड रस्त्यावर मोटारसायकल घसरली की माणूस पडताना तळहात टेकतो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. हाच अस्थिभंग न्हाणीघरात घसरलेल्या आजीचाही असतो. अब्राहम कोलिस नावाच्या डब्लिनच्या सर्जनने तो 1814 साली लिहून ठेवला, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या 81 वर्षे आधी, केवळ बोटांनी चाचपून. आणि या सगळ्यांखेरीज एक हात असा असतो ज्याला ओरखडाही नसतो, तरी तो हलत नाही. तो पक्षाघाताचा हात. तिथे जखम मेंदूत असते.

या दोन प्रकारच्या हातांत, म्हणजे स्वतः जखमी झालेल्या आणि मेंदूने सोडून दिलेल्या हातांत, फरक करणे फार महत्त्वाचे आहे. रोबोच्या जाहिराती तो करत नाहीत.

आता वाचकांनी हा अंक क्षणभर मांडीवर ठेवून एक प्रयोग करावा. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवा, पंजा सैल सोडा, मनगट खाली लोंबू द्या. बोटे आपोआप थोडी उघडतात. आता बोटांकडे लक्ष न देता फक्त मनगट वर, मागे उचला. बोटे आपोआप मिटू लागतात आणि अंगठा तर्जनीकडे येतो. तुम्ही मूठ मिटलेली नाही. मनगटाने ती मिटवली. याचे कारण असे की बोटे हलवणारे बहुतेक मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखाली, हाताच्या पोटरीत म्हणा हवे तर, बसलेले असतात आणि तिथून कंडरांच्या लांब दोऱ्या मनगटावरून बोटांच्या टोकांपर्यंत जातात. आपल्याकडे लोक त्यांना 'शिरा' म्हणतात. कळसूत्री बाहुलीसारखी ही रचना आहे. मनगट ही त्या दोऱ्यांची कप्पी. म्हणून मनगट आखडले की बोटे धडधाकट असूनही मूठ अर्धीच मिटते. प्लास्टर निघालेल्या आजींना हे पटवायला मला फार वेळ लागतो, कारण त्यांच्या मते मोडले मनगट आणि तक्रार करतात बोटे.

पंजात आणि मनगटात मिळून 27 हाडे आहेत, त्यांतली आठ एकट्या मनगटात. पण खरी अडचण हाडांची नसते. हाड जोडून घेण्यात शरीर वाकबगार आहे. अडचण कंडरांची असते. बोटांत त्या एका निमुळत्या नळीतून सरकतात. नळीत कापलेली कंडरा शिवली की तिच्याभोवतीचे सगळे बरे होऊ लागते, आणि बरे होणे म्हणजे चिकटणे. कंडरा कंडरेला जोडली जाते हे चांगलेच, पण ती नळीलाही चिकटते. मग दोरी शाबूत, स्नायू शाबूत, आणि बोट मात्र ढिम्म हलत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतला हातांचा मोठा सर्जन स्टर्लिंग बनेल याने तळहाताच्या मध्यापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या या पट्ट्याला 'नो मॅन्स लँड' म्हटले होते. तिथे शिवण घालूच नये, असा कित्येक दशके दंडक होता.

तो दंडक मोडला तो रबरबँडने. लुईव्हिलच्या हॅरोल्ड क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 च्या सुमारास दाखवून दिले की शिवलेल्या बोटाच्या नखाला रबर बांधून त्याचे दुसरे टोक मनगटाशी अडकवले, तर रुग्ण बोट स्वतः उघडतो आणि रबर ते परत मिटवून देते. शिवलेल्या कंडरेवर जोर येत नाही, पण ती नळीतून सरकत राहते आणि चिकटायला तिला उसंत मिळत नाही. माझ्या मते गेल्या शतकातले हाताच्या उपचारातले सर्वांत मोठे यंत्र हेच. त्याला वीज लागत नाही आणि ते स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

मात्र त्याला वेळापत्रक लागते. पहिले तीन-चार आठवडे अगदी बेताची, राखून केलेली हालचाल. सहा आठवड्यांच्या आसपास स्प्लिंट सुटते. जोराचे काम बारा आठवड्यांनंतर. या बारा आठवड्यांतल्या पहिल्या काही आठवड्यांत जे होते, त्यावर पुढच्या आयुष्यातली मूठ ठरते. आणि इथेच आमच्याकडे सगळे बिघडते. टाके दहा-बारा दिवसांत निघतात. गेल्या हंगामात मनगटावर वार बसलेली एक बाई टाके काढून आली, तेव्हा मी तिला रोज किती वेळा बोटे हलवायची ते सांगू लागले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'टाकं निघाल्यात की, बाई. आता काय ऱ्हायलं?' तिच्या दृष्टीने काहीच उरले नव्हते. उचल फिटायची होती. कामावर न गेलेला दिवस मुकादमाच्या वहीत खाडा म्हणून लागतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाच महिन्यांच्या हंगामात बारा आठवडे थांबा, असे मी कोणत्या तोंडाने सांगायचे?

मज्जातंतू तुटला असेल तर हिशेब आणखी लांबतो. जोडलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अठरा सेंटिमीटर धरले, तर सहा महिने. तोवर कोप्या उठून माणसे गावी गेलेली असतात. घाटकोपर स्थानकावर 2014 साली लोकलखाली दोन्ही हात गमावलेल्या तरुणीवर 2020 च्या ऑगस्टमध्ये परळच्या रुग्णालयात हातांचे प्रत्यारोपण झाले. पश्चिम भारतातली ती पहिली शस्त्रक्रिया, म्हणून वर्तमानपत्रांनी ती ठळक छापली. त्यानंतर मिलिमीटर मिलिमीटरने पुढे सरकणारे महिने, रोजचा व्यायाम, उष्ण-गार कळू लागणे, बोट हलणे यांना बातमीचे मूल्य नसते. आमचा सगळा धंदा त्या बातमी नसलेल्या महिन्यांत चालतो.

कोपरगाव हे शुक्राचार्यांचे ठिकाण मानतात. गोदावरीकाठी बेटात त्यांचे देऊळ आहे आणि कच-देवयानीची कथा इथली, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे 'संजीवनी' हे नाव इथे साखर कारखान्यापासून महाविद्यालयापर्यंत सगळीकडे भेटते. कथेतली संजीवनी एका मंत्रात माणूस उठवते. रोबोबद्दल विचारणाऱ्यांच्या मनात मला तीच अपेक्षा दिसते.

रोबो आले ते पक्षाघाताच्या हातासाठी. त्यामागचा विचार असा. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा एक नकाशा असतो, आणि पेनफिल्ड व बोल्ड्री यांनी 1937 साली तो मांडला तेव्हा दिसले की त्यात हाताचा आणि चेहऱ्याचा वाटा त्यांच्या आकारमानाच्या मानाने अवाढव्य आहे. 1980 च्या दशकात मायकेल मर्झेनिक यांच्या गटाने माकडांवर दाखवले की हा नकाशा कायमचा नसतो. एका बोटाकडून संवेदना येणे थांबले की शेजारच्या बोटांचा भाग त्याच्या जागेत पसरतो. आमच्याकडे बांध कोरतात तसेच. वापर थांबला की जमीन शेजाऱ्याची. याचा अर्थ असा की तीन महिने प्लास्टरमध्ये राहिलेला हातही थोडासा मेंदूचा रुग्ण होतो, आणि पक्षाघाताने मेंदूतली जागा गेलेल्याला ती शेजारून परत मिळवण्याची वाट असते. वाट एकच, पुनरावृत्ती. पण किती?

अमेरिकेतल्या कॅथरिन लँग आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक साधे काम केले. पक्षाघाताच्या रुग्णांच्या उपचाराच्या वेळी शेजारी बसून त्यांनी हालचाली मोजल्या. एका बैठकीत हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी 32 भरल्या. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या मेंदूत बदल घडवायला रोज शेकड्यांनी हालचाली लागतात. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या बैठका मोजल्या नाहीत, मोजायची गरजच नव्हती. एका सकाळी दहा रुग्ण असले की कुणाच्या वाट्याला किती येते हे हाताने काम करणाऱ्याला ठाऊक असते.

ही संख्या यंत्राकडून करून घ्यावी, ही कल्पना मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी 1990 च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. यंत्राचे नाव 'एमआयटी-मॅनस'. कारखान्यातला रोबो ठरलेल्या मार्गाने जातो आणि मध्ये आलेल्याला ढकलतो. असा रोबो रुग्णाच्या हाताला बांधला तर तो हात मोडेल. होगन यांची खरी करामत अशी की त्यांचा रोबो नमते घेतो. रुग्णाने जोर लावला की तो सैल होतो, रुग्ण अडला की हळूच पुढे नेतो, वाट चुकली की परत आणतो.

हे समजावून सांगायला मला नेहमी पाटीवरचे अक्षर आठवते. बालवाडीतल्या बाई मुलाचा हात हातात धरून 'ग' गिरवून घेतात. पहिल्या दिवशी सगळा जोर बाईंचा असतो. चांगल्या बाई दुसऱ्या आठवड्यात बोटे सैल करतात, पुढे नुसता स्पर्श ठेवतात, आणि एक दिवस हात काढून घेतात. मुलाला ते कळतही नाही. वाईट बाई शेवटपर्यंत स्वतःच लिहीत राहतात. पाटीवर अक्षर सुरेख उमटते, पण ते बाईंचे असते. रोबोंतही या दोन जाती आहेत. सांधा नुसता वाकवून-सरळ करून देणारी मोटार टोरोंटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी 1970 पासून प्रचारात आणली. आखडणाऱ्या सांध्याला तिचा उपयोग आहे, पण रुग्ण झोपला तरी ती चालूच राहते आणि मेंदूला त्यातून शिकायला फारसे काही मिळत नाही. रोबो घ्यायला निघालेल्या कुणालाही मी पहिला प्रश्न हाच विचारते: हे यंत्र कधी सोडते?

मुंबईत एका ठिकाणी असा रोबो मी बसून पाहिला. पंजाला पट्ट्या लावतात, समोर पडद्यावर एक टोपली दिसते आणि वरून फळे पडतात. मनगट फिरवून टोपली खाली न्यायची. मध्यमवयीन गृहस्थ होते. अर्धा तास ते तल्लीन होऊन फळे झेलत होते आणि यंत्र प्रत्येक वेळी किती जोर त्यांचा, किती आपला, हे टिपत होते. मला हेवा वाटला तो त्या टिपण्याचा. मी प्लास्टिकच्या कोनमापकाने मनगटाचा कोन मोजते, तो दोन-पाच अंशांनी इकडेतिकडे होतोच. आणि रुग्णाला 'सुधारतंय' म्हणते, तेव्हा त्यात थोडा धीर देणेही असते. यंत्र धीर देत नाही, आकडा देते. काही रुग्णांना त्याचाच धीर येतो.

मग लवकर बरे होते का?

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेली चाचणी 2010 साली प्रसिद्ध झाली. जुना पक्षाघात असलेले 127 रुग्ण, तीन गट: रोबो, तितक्याच हालचाली माणसाकडून करून घेणे, आणि नेहमीचा उपचार. रोबोच्या एका बैठकीत हजारावर हालचाली होत. बारा आठवड्यांनी रोबोचा गट नेहमीच्या उपचारापेक्षा ठळकपणे पुढे नव्हता. छत्तीस आठवड्यांनी तो थोडा पुढे दिसला, पण माणसाने तितकीच मेहनत घेतलेल्या गटाच्या पुढे नाही. ब्रिटनमधली 'रॅटल्स' चाचणी याहून मोठी, 770 रुग्णांची, 2019 मध्ये 'लॅन्सेट'ने छापली. तीन महिन्यांनी ठरवलेली सुधारणा गाठणारे रोबोच्या गटात 44 टक्के, नेहमीच्या उपचारात 42 टक्के, आणि थेरपिस्टने वाढीव वेळ देऊन रोजच्या कामांचा सराव करून घेतलेल्या गटात 50 टक्के. या फरकांना संख्याशास्त्राने मान्यता दिली नाही. दुसऱ्या बाजूला 45 लहानमोठ्या चाचण्या एकत्र करणारा 2018 चा कॉक्रेन आढावा म्हणतो की यंत्राच्या मदतीने हाताची ताकद आणि रोजची कामे सुधारतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. काहीच न करण्यापेक्षा रोबो बरा. मन लावून तितकेच करून घेणाऱ्या माणसापेक्षा बरा, असे अजून सिद्ध झालेले नाही. आणि हे सगळे पुरावे पक्षाघाताचे आहेत. मोडलेल्या मनगटासाठी, शिवलेल्या कंडरेसाठी एवढ्या मोठ्या चाचण्यांचा आधार रोबोमागे नाही. शिवल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत तर मोटारीचा एक चुकीचा झटका शिवण उसवू शकतो. तिथे मी रबरबँडच घेईन.

ब्रिटनच्या त्या 50 टक्क्यांवर मी थोडी रेंगाळते, कारण रोजच्या कामांचा सराव ही आमच्या शाखेची जन्मकथा आहे आणि ती जन्मकथा महाराष्ट्रात घडली. भारतातले ऑक्युपेशनल थेरपीचे पहिले विद्यालय 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, क्वेकर घरातल्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. 1952 साली या व्यवसायाची अखिल भारतीय संघटनाही त्यांनी उभी केली. साहित्याच्या वाचकांना फलटणचे निंबकर वेगळ्या वाटेने माहीत असतील: कमलाबाईंचे चिरंजीव कृषिशास्त्रज्ञ बनबिहारी निंबकर, आणि सून जाई निंबकर या इरावती कर्वे यांच्या कन्या. फलटणच्या शाळेला कमलाबाईंचेच नाव आहे. पण केईएममध्ये त्यांनी रुजवलेल्या कामाची आठवण आमच्या व्यवसायाबाहेर फारशी कुणी काढत नाही, याचे मला वाईट वाटते.

या शाखेचे मूळ तत्त्व साधे आहे: हाताला व्यायाम देऊ नका, काम द्या. जुन्या विभागांत माग असत, सुतारकामाची बाके असत. माग म्हणजे तरी काय? तीच हालचाल हजार वेळा करायला लावणारे, आणि शेवटी हातात कापड देणारे यंत्र. कोपरगावशेजारच्या येवल्यात पैठणीच्या मागावर बसलेल्या विणकराकडे बघताना मला वाटते की पडद्यावर फळे झेलायला लावणारे अभियंते याच जागी वेगळ्या रस्त्याने पोचले. फक्त त्यांच्या टोपलीत शेवटी काही जमत नाही.

कुष्ठरुग्णांच्या हातांचा इतिहासही इथे आठवावा. 1940 च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी आणि नंतर पुण्याजवळ कोंढव्याला डॉ. नोशीर अंटिया यांनी वाकड्या, बधिर झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यात चांगल्या स्नायूची कंडरा सोडवून निकामी स्नायूच्या जागी जोडतात. शस्त्रक्रिया काही तासांची. नंतर आठवडेच्या आठवडे त्या कंडरेला नवे काम शिकवावे लागते, कारण मेंदूच्या लेखी ती अजून जुन्याच जागी असते. हे शिकवणारे लोक नसते तर ती कौशल्ये वाया गेली असती.

भारतातले नवे रोबो या परंपरेच्या जवळ आहेत, आणि मला त्यांत जास्त रस आहे. आयआयटी दिल्लीत अमित मेहंदीरत्ता यांच्या गटाने एम्सच्या मज्जाविकार विभागाबरोबर मनगट आणि बोटांसाठी एक बाह्यसांगाडा बनवला. तो हातावर चढवतात. त्यात मनगट आणि बोटे एकत्र हलतात: मनगट वर जाताना बोटे मिटतात, खाली येताना उघडतात. म्हणजे तुम्ही मघाशी खुर्चीत बसून जे केले तेच. शिवाय यंत्र आपणहून सुरू होत नाही. रुग्णाच्या स्नायूत उरलीसुरली हालचालीची इच्छा विजेच्या सूक्ष्म लहरीच्या रूपाने दिसली, तरच ते हलते. म्हणजे आधी विद्यार्थ्याने पेन्सिल टेकवायची, मग बाई हात धरतील. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत 45 मिनिटांच्या 20 बैठका झाल्या. यंत्राच्या गटात मनगटाचा ताठरपणा कमी झाला आणि मेंदूच्या चित्रणांतही बदल दिसला. रुग्ण थोडे होते, हे लक्षात ठेवायला हवे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी केलेले 'प्लूटो' आणखी आटोपशीर आहे. मोटार एकच; तिच्यावर वेगवेगळे दांडे आणि मुठी बसवायच्या. एकाने मनगट वर-खाली होते, दुसऱ्याने बाजूला, तिसऱ्याने हात उताणा-पालथा, चौथ्याने मूठ मिटते-उघडते. टेबलावर मावते. घरी नेता यावे, हाच त्यामागचा हेतू.

नेता येणे हा शब्द मला कोपरगावात बसून फार मोठा वाटतो. जवळचे मोठे रुग्णालय आणि फिजिओथेरपीचे महाविद्यालय लोणीला आहे. शिर्डी, राहाता, बाभळेश्वर ओलांडून जायचे. मोटार असलेल्याला ते जवळ आहे. ज्याचा एक हात झोळीत आहे आणि दुसऱ्या हाताने दिवसाची मजुरी मिळवायची आहे, त्याला आठवड्यातून तीनदा तेवढे जाणे म्हणजे तीन खाडे. ब्रिटनच्या चाचणीतही आठवड्याला तीन बैठका होत्या. म्हणून रोबो लोणीला आला किंवा नाशिकला आला, याने या माणसाच्या मुठीत फरक पडणार नाही.

शासनाची शेतकरी अपघात अनुदान योजना आहे. तीत एक अवयव निकामी झाला तर एक लाख रुपये मिळतात. तिचा लाभ शेतकरी कुटुंबांना आहे, आणि अर्धी मिटणारी मूठ 'निकामी' या शब्दात बसवणे कठीण. हात गेला तर त्याची किंमत कागदावर आहे. हात आहे, पण कोयता घट्ट धरवत नाही, लुगडे पिळवत नाही, भाकरी थापताना करंगळी आडवी येते, याला रकाना नाही.

मला जे सुचते ते असे. रुग्ण पाच महिने इथे आणि सात महिने बीडकडे असतील, तर उपचारानेही तसेच फिरावे. टेबलावर मावणारे एक यंत्र हंगामात कारखान्याच्या दवाखान्यात ठेवता येईल, संध्याकाळी, ऊस खाली झाल्यावरच्या वेळात. हंगाम संपला की तेच यंत्र तिकडच्या ग्रामीण रुग्णालयात. पक्षाघाताच्या आणि मज्जातंतूच्या रुग्णांना त्याचा उपयोग होईल, आणि त्याने टिपलेले आकडे रुग्णाच्या मागे जातील. ते चालवायला थेरपिस्ट रोज लागणार नाही. आमच्याच जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या, पुष्कळदा निरक्षर बायांना आरोग्याचे काम शिकवले, आणि त्या बायांनी ते करून दाखवले. मॅगसेसे पुरस्कार 1979 चा. काम त्याच्या आधीचे आणि नंतरचे. बाळंतपण ओळखणाऱ्या बाईला मनगटाचा कोन वाचता येणार नाही, असे मानायला मी तयार नाही. मोटारीच्या किमतीबद्दल डॉक्टरमंडळी हटकून विचारतात. त्या बाईच्या मानधनाबद्दल अजून कुणी विचारलेले नाही.

तोवर यंदाच्या हंगामासाठी मी एक पत्रा-कागद तयार केला आहे, म्हणजे प्लास्टिकचे वेष्टन घातलेला पुठ्ठा, कोपीत भिजला तरी टिकेल असा. त्यावर सहा चित्रे आहेत, अक्षर एकही नाही. पहिल्या तीन चित्रांत फक्त मनगट आणि बोटे. ती पहिल्या दिवसापासूनची. पुढची तीन लाल रेघेच्या पलीकडे: पातेल्यात बाजरी घेऊन त्यात मूठ उघडणे-मिटणे, कणकेचा गोळा दाबणे, ओले फडके पिळणे. लाल रेघ कधी ओलांडायची ते मी पुठ्ठ्यामागे चंद्राच्या कलांनी दाखवते, कारण आठवडे कुणी मोजत नाही आणि अमावास्या-पौर्णिमा सगळ्यांना माहीत असतात. खाली कोळशाने रेघोट्या मारायला जागा सोडली आहे: एका रेघोटीला दहा वेळा. गेल्या आठवड्यात एका पोराने आपल्या आईचा पुठ्ठा आणून दाखवला. रेघोट्या त्याने मारल्या होत्या, आई हलवते आणि तो मोजतो. मी मोजल्या. दिवसाच्या तीस होत्या.